तळटीप : डाळमिलचा नफा नेमका कोणत्या डाळीत?
* जळगावच्या डाळमिलमधली वीज, मजुरी, देखरेख सरसकट क्विंटलमागे वाटली, तर तुरीचा भार हरभरा वाहतो. हरभरा तुलनेने लवकर भरडून होतो. तूर चिवट: घासायची, तेल लावायचं, पटांगणात पसरायची, संध्याकाळी ढीग करून झाकायची, पुन्हा उन्हात, मग भरडाई, तरी काही दाणे अख्खेच राहतात. कृती-आधारित परिव्यय पद्धतीत (रॉबर्ट कॅप्लन व रॉबिन कूपर यांनी १९८०च्या दशकात ती रुळवली) वाळवण, भरडाई, चाळणी, पॅकिंग यांचा खर्च आधी वेगळा काढतात. ज्या मालाने जेवढं काम खाल्लं, तेवढं त्याच्या खाती. यात अर्ध्या किलोच्या पाकिटांचा खरा खर्च हमखास उघडा पडतो: प्रत्येक पाकीट वेगळं भरायचं, बंद करायचं. ५० किलोच्या कट्ट्याला मात्र एकच शिलाई. भरडताना निघालेली चुनी गुरांसाठी विकली, तर तिचे पैसे अर्थात खर्चातून वजा करायचे.