पोत्याची शिवण, पिशवीची शिवण

नात जुन्या जीन्सची पाठीवरची पिशवी घरीच शिवते आहे. परवा म्हणाली, "आजी, शिवण काय, कोणतीही घातली तरी सारखीच ना?" झाले! माझ्यातल्या बाई जाग्या झाल्या.

मंडळी, धान्याच्या पोत्याची शिवण आठवा. नेमके टोक सापडले की एका ओढीत सगळा दोरा सरसर निघतो. तो साखळी टाका, एकाच दोऱ्याचा. फ्रान्समधल्या थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, ते असाच टाका घालत असे. त्यावर सैनिकांचे गणवेश शिवले जाऊ लागले. आता आपली पोटे कशी भरायची, या धास्तीने पॅरिसच्या शिंप्यांनी १८३१ मध्ये त्याचा कारखानाच फोडला. बिचारा थिमोनिए १८५७ साली गरिबीतच गेला. मला त्याचे वाईट वाटते, आणि त्या शिंप्यांचेही.

अमेरिकेच्या एलायस हाउने १८४६ मध्ये वेगळ्या टाक्याचे पेटंट घेतले. सुईच्या टोकालाच नेढे, वरून एक दोरा, खालून धोट्यातला दुसरा. दोघांची गाठ कापडाच्या दोन थरांच्या मधोमध पडते. एक टाका तुटला तरी शेजारचा तग धरतो. आपल्या घरातले मशीन हेच करते. वॉल्टर हंटने असे यंत्र त्याच्याही आधी केले होते. पण शिवणकाम करणाऱ्या बायकांची रोजी जाईल म्हणून त्याने पेटंट घेतले नाही, असे सांगतात. यंत्रांबाबत इतके कठोर असलेल्या गांधीजींनी मात्र १९२४ साली शिलाई मशीनला अपवाद मानले होते. असो.

पण नुसता टाका पक्का असून भागत नाही. कापडाची कड उघडी राहिली तर धागे सुटतात आणि शिवण आतून पोखरते. जीन्सचा पाय उलटा करून पाहा. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन समांतर टिपा मारलेल्या दिसतील. आत एक दशी नाही!

तरी खिशाचे कोपरे फाटतच. म्हणून रीनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याने तिथे तांब्याची रिव्हेटे ठोकली. पेटंटला पैसे नव्हते, तेव्हा कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना भागीदार केले. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले. पिशवीत तसाच ताण पट्ट्याच्या मुळाशी येतो. तिथे रिव्हेट नसले तरी चालेल. पट्टा आत दोन बोटे घ्यावा, चौकोनी टीप मारावी आणि चौकोनात फुली शिवावी, म्हणजे ओझे एका ओळीवर न येता सगळ्या चौकोनावर वाटले जाते.