ही तलवार कुणाची?

संग्रहालयात बोर्निओची एखादी तलवार दिसली की तिच्याखाली बहुधा दोनच शब्द असतात, ‘दायाक तलवार’. दायाक हे एका जमातीचे नाव नाही. इबान, कायान, केन्याह, बिदायूह, न्गाजू अशा अनेक समाजांना मिळून लावले गेलेले ते नाव आहे. त्यांच्या भाषा वेगळ्या, रिवाज वेगळे आणि तलवारीही वेगळ्या.

मग ओळखायचे कसे? आधी पाते पाहावे, कारण मूठ आणि म्यान बदलता येते.

पात्याची एक बाजू फुगीर आणि दुसरी सपाट किंवा किंचित खोलगट असेल, तर ती कायान-केन्याह परंपरेतली मंडाऊ. कायान तिला मालात म्हणतात, इबान पारांग इलांग. असे पाते उजव्या हाताच्या माणसासाठी एक आणि डावखुऱ्यासाठी दुसरे घडवावे लागते. मूठ बहुधा हरणाच्या शिंगाची, कोरीव, केसांचे झुबके लावलेली. म्यान म्हणजे वेताने आवळलेल्या दोन लाकडी फळ्या. तिच्या पाठीला आणखी एक छोटे म्यान असते. त्यात लांब दांड्याची सुरी, वेत तासायला आणि कोरीवकामाला. म्हणजे योद्ध्याच्या कमरेला कारागिराचे हत्यारही असे.

इबानांची जुनी तलवार न्याबोर. तिचे पाते चांगलेच वक्र, धार बाहेरच्या बाजूला आणि मुठीजवळ बोटाला आडोसा देणारा लोखंडी काटा. असाच काटा लंग्गाई तिंगांगला असतो. या नावाचा अर्थ धनेश पक्ष्याच्या शेपटीचे लांब पीस. इबानांच्याच जिम्पुलमध्ये या तलवारीची आणि मंडाऊची लक्षणे एकत्र आली आहेत.

बिदायूहांच्या पांदातला वेगळी मूठच नाही. पात्याचेच लोखंड कोनात वाकून मूठ बनते आणि तिच्यातून एक आडवी पट्टी जाते.

उत्तर किनाऱ्यावर पानाच्या आकाराची बारोंग आणि टोकाकडे रुंद होणारी कांपिलान सापडते. या सुलू आणि मिंडानाओच्या मुस्लिम दर्यावर्दींच्या तलवारी. म्हणून वस्तू कुठे सापडली एवढ्यावरून ती कुणाची हे ठरत नाही.

कुचिंगच्या सारावाक संग्रहालयाचे रॉबर्ट शेलफर्ड यांनी 1901 मध्ये या तलवारींचे वर्गीकरण छापले. तरीही ‘मुंडकी तोडणाऱ्यांचे शस्त्र’ हाच शिक्का टिकला. ती प्रथा होती, हे नाकारायचे कारण नाही. पण सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रूक, जो 1803 मध्ये भारतात जन्मला, त्याच्या मोहिमांत इबान योद्धेच लढत होते, हे त्या चिठ्ठीवर नसते. 1894 मध्ये तुंबांग आनोई येथे दायाक प्रमुखांनी एकत्र बसून ही प्रथा बंद करण्याचे ठरवले, हेही नसते. आज मंडाऊ नृत्यात आणि समारंभात दिसते.

एका शब्दात अनेक माणसे कोंबली की काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. देशोदेशीच्या, नाना भाषांच्या मुसलमानांना एकाच साच्यात पाहिले जाते, तेव्हा आपल्याला ते खटकते. मग दुसऱ्याची ओळख वाचताना तेवढेच बारकाईने पाहणे ही आपलीही जबाबदारी ठरते. पात्याचा फुगवटा, मुठीजवळचा काटा, म्यानामागची सुरी या खुणा लोहाराने सोडलेल्या आहेत. चिठ्ठी नंतर आली.