संघ कंपनीचा की पेठेचा?

आपल्या विठ्ठलवाडीहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरलं, की कूपरेज मैदान फार लांब नाही. मुंबईच्या फुटबॉलचं हे जुनं घर. इथे अनेक वर्षं दबदबा होता कंपन्यांच्या संघांचा : टाटा, कालटेक्स, मफतलाल, महिंद्रा. खेळाडूला नोकरी मिळायची, घर चालायचं. पण संघाचा मालक एकच, कंपनी. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. चाहत्यांच्या हातात काहीच नव्हतं.

आता कोल्हापुरातल्या क्लबांची नावं ऐका : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तुम्ही म्हणाल, तालीम म्हणजे तर कुस्ती! बरोबर. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, पेठापेठांत तालमी रुजल्या. पुढे त्याच तालमींच्या नावाने पोरं फुटबॉल खेळू लागली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, लीग भरवते आणि सामने होतात शाहू स्टेडियमवर. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

सगळं गोड आहे असंही नाही. पेठेची ईर्ष्या कधी कधी हाणामारीवर जाते. पैसाही कंपन्यांइतका नाही. पण इथे संघ म्हणजे गणपती बसवणारं, अडीअडचणीला धावणारं आपलं मंडळ. कंपनी हिशोब बघून संघ मोडू शकते. पेठ कोण मोडणार?