जिनिंगवरच्या बाया

परभणीत कामगारांचे दावे चालवण्यात माझी उभी वकिली गेली. ज्यांना मी सर्वांत जास्त वेळा रिकाम्या हाताने परत पाठवलं, त्या जिनिंगवरच्या बाया. कारखाना बंद पडला की सरकार काहीतरी देतं, असं त्यांच्या कानावर आलेलं असायचं. एकीने तर सरळ विचारलं होतं, "वकीलसायब, मिलवाल्यांना भेटलं, मंग आमाला का नाही?"

गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास परभणीवरून मनमाडला जोडली गेली आणि सेलू, मानवत, परभणी हा पट्टा कापसाच्या बाजारपेठांचा झाला. निजामी मराठवाड्यातला गावरानी कापूस नावाजलेला. परभणीच्या महेबूब बागेत देशी कापसाच्या वाणांवर संशोधन चालत आलं आहे. पण सूत निघायचं ते नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये, मुंबईत, नाहीतर समुद्रापार. सरकी वेगळी करून रुईची गाठ बांधायची, एवढंच काम आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आलं.

ते काम मी जवळून पाहिलं आहे. रेच्यांची लांबलचक रांग, प्रत्येकात चामड्याच्या चकत्यांचे दोन रूळ, मध्ये खालीवर होणारी पट्टी. बाई मागे उभी राहून ओंजळी-ओंजळीने कापूस आत सारायची. पुढे रुई पडायची, खाली सरकी. आवाज असा की शेजारणीशीही खुणांनीच बोलायचं. तोंडाला पदर बांधलेला, तरी भुवया, पापण्या, केस पांढरे व्हायचे आणि खोकला होळीनंतरही जात नसे. दिवाळीला रेचे सुरू व्हायचे, उन्हाळा लागला की थांबायचे. पुढचे महिने खुरपणी, नाहीतर रोजगार हमीचं काम.

आता मिलवाल्यांना काय मिळालं ते सांगतो. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बसू लागल्या. केंद्राने १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना आणली. कायमच्या बंद पडलेल्या खासगी गिरणीतल्या पात्र कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम. कागदपत्रांसाठी त्यांनाही फार झिजावं लागलं, आणि ती रक्कम पुरेशी होती असं मी कधीच म्हणणार नाही. पण कायद्याने त्यांना कामगार मानलं होतं.

जिनिंगवालीचा दावा उभा करायला गेलं की पहिली भिंत २४० दिवसांची. औद्योगिक विवाद कायद्यात नोकरकपातीची भरपाई दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची होती; पण ते वर्ष धरलं जाण्यासाठी बारा महिन्यांत २४० दिवस काम भरावं लागे. रेचेच तेवढे दिवस चालत नसत, तर बाईने भरायचे कुठून? २००५ पासून राज्य कामगार विमा महामंडळाने राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत बेकारी भत्ता सुरू केला. तो फक्त विमाधारकांना. विमा कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवलेले, आणि त्या व्याख्येत कापसाचं जिनिंग, प्रेसिंग नाव घेऊन लिहिलेलं. सबंध जिल्ह्याचा मुख्य कारखानदारी धंदा त्या एका ओळीत बाहेर गेला.

सरकारने जिनिंगकडे पाहिलंच नाही असं नाही. २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणासाठी मालकांना अनुदान मिळालं. रुई स्वच्छ हवी होती, तेव्हा ते योग्यच होतं. पण कापूस पट्ट्यावरून आपोआप रेच्यात पडू लागला, तेव्हा मागे उभ्या असलेल्या बाईसाठी त्या अनुदानासोबत एक रुपयाही बांधलेला नव्हता. याचा मला आजही संताप येतो. २००५ च्या आरंभी जगातले कापडाच्या आयातीवरचे कोटे उठले. इथली गाठ चीनला, बांगलादेशाला जाऊ लागली, सूत आणि कपडा तिकडे होऊ लागला.

व्यापार बदलला की कामं जातात, हे ओळखून अमेरिकेने १९६२ मध्येच आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी भत्ता आणि प्रशिक्षणाचा कायदा केला होता. पुढे तिथे तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी सरकारला चौकशी करावी लागे. २०२२ मध्ये त्याची मुदत संपली आणि नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. तरी साठ वर्षं तिथे अर्ज करायला एक दार होतं.

आमच्या बायांसाठी मला सापडलेलं एकच दार उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्याचं होतं. हंगामी कारखान्यात दर हंगामामागे सात दिवसांचा पगार. त्यासाठी हजेरीपत्रक लागे, आणि हजेरी बहुतेक वेळा ठेकेदाराच्या वहीत. एका मालकाने ती वही पावसात भिजली म्हणून सांगितलं. मग सोबतच्या बायांच्या साक्षी काढून आम्ही हंगाम जुळवले. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या लेकीचं लग्न, त्यावरून साल ठरवायचं. काहींना थोडेफार पैसे मिळाले.

२०२० मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर झाली. जुने कायदे एकत्र केले आहेत म्हटल्यावर मी आधी हंगामी कारखान्याची व्याख्या काढली. कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग तिथेही आहे, आणि विम्याच्या परिशिष्टात हंगामी कारखाने पुन्हा वगळलेले आहेत. ही दुरुस्ती संसदेला कधीही करता येते. परभणीच्या खासदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, ती मागावी, हे मी भेटेल त्याला सांगतो आहे.