जुनी महिंद्रा जीप घरी दुरुस्त करून ‘लिफ्ट’ करायचीय? आधी पाटे मोजा

जुनी जीप हाती आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लिफ्ट किती इंचांची करायची? मीही तिथूनच सुरुवात केली होती, आणि चुकलो.

आमची गाडी महिंद्रा एमएम ५४०, १९९१ची. घोडेगावात घर आणि डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला भातशेती, त्यामुळे या गाडीने अवजारं, भाताची आणि हिरड्याची पोती, लग्नाची वऱ्हाडं असं सगळं वाहिलंय. मग सात वर्षं ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी राहिली. आण्णांचे, म्हणजे वडिलांचे, गुडघे दुखायला लागले आणि गाडी चालवणारं कोणी उरलं नाही.

महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. एमएम ५४० त्याच घराण्यातली. प्यूजोच्या डिझाइनचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. संगणक नाही, सेन्सर नाहीत. त्यामुळे पाने-हातोडी आणि बराचसा संयम असला की घरी काम होतं.

गंज आधी, रंग शेवटी

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातला पाऊस लोखंडाला सोडत नाही. चासीवर छोट्या हातोडीने टकटक करत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतून पत्रा गेलाय. आमच्या गाडीत मागच्या शॅकलच्या ब्रॅकेटजवळ हातोडी सरळ आत गेली! चिखल तिथेच साचतो आणि ओला राहतो. कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करावा लागतो. वरून पट्टी मारली तर आतला गंज पुढे चालूच राहतो. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा. आणि या जीपची डिझेल टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, ती पूर्ण उतरवून लांब ठेवा. ‘टाकी रिकामीच आहे’ म्हणून वेल्डिंगला बसू नका, रिकाम्या टाकीतली वाफसुद्धा पेटते.

रंगाबद्दल एकच सांगतो. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात उभी केली तर पाणी त्यातून आत जातं. इपॉक्सी प्रायमर महाग वाटतो, पण खालच्या बाजूला तोच लावा.

ब्रेकच्या रबरी वस्तू आम्ही न बघता बदलल्या: व्हील सिलिंडरचे कप, होज, सगळं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, सात वर्षांत सिलिंडर आतून गंजले होते. काही सुटे भाग मंचर-नारायणगावला मिळाले, उरलेले पुण्याच्या नाना पेठेत.

लिफ्टने नक्की काय वाढतं?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. पाट्यावरच्या गाडीत जमिनीला सगळ्यात जवळ असतो तो डिफरन्शियलचा गोळा. तो ॲक्सलवर आहे आणि ॲक्सल चाकांना जोडलेला आहे. तुम्ही चासी चार इंच वर उचलली तरी गोळा होता तिथेच राहतो. आमच्या गाडीत तो जमिनीपासून आठ इंचांवर होता, लिफ्टनंतरही आठच! तो उचलायचा तर टायरच मोठा लागतो, आणि टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर गोळा एकच इंच वर येतो. लिफ्टने मिळतं ते बंपर, पायरी आणि पोटाखालची जागा, शिवाय टायर मडगार्डला न घासता वर-खाली हलायला मोकळीक.

त्याची किंमत मोजावी लागते. या जीपच्या दोन चाकांमधलं अंतर जेमतेम चार फूट. समजा गाडीचा गुरुत्वमध्य २७ इंचांवर आहे, तर कागदावर ती साधारण ४१ अंश कलेपर्यंत उलटणार नाही. तोच चार इंच वर गेला की हा आकडा ३८च्या खाली येतो. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर दबतात, म्हणजे खरा आकडा याहून कमीच. बांधावरून तिरकी गाडी काढणाऱ्याला हे तीन-चार अंश कळतात.

मी हे सगळं नंतर शिकलो. आधी केलं काय, तर एका फॅब्रिकेटरकडून चार इंच लांब शॅकल बनवून घेतले. पाट्याचं एकच टोक शॅकलवर असतं, त्यामुळे चार इंचांतून गाडी दोनच इंच उचलली. ते चाललं असतं. पण आमच्या जीपमध्ये पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या चिमट्याला जो मागे कल असतो ना, तोच. त्या कलामुळे चाक आपोआप सरळ होतं.

आहुपेहून उतरताना वळण संपलं, मी स्टिअरिंग सैल सोडलं, आणि ते फिरून आलंच नाही. गाडी दरीच्या अंगाला ओढत राहिली. मी ती हाताने ओढून सरळ केली. शेजारी आण्णा होते. ते काहीच बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

घरी येऊन जॅकवर चढवली तर आणखी एक गोष्ट दिसली. चाक लोंबकळलं की ब्रेकचा होज तारेसारखा ताठ होत होता. दोन इंचांत एवढं. पाटा ॲक्सलच्या खालून काढून वर बसवला की पाच-सहा इंच मिळतात, पण मग प्रोपेलर शाफ्टचा कोन, ड्रॅग लिंक, होज सगळंच नव्याने करावं लागतं. अंगणात जॅकवर करायचं ते काम नाही.

मग काय केलं

लांब शॅकल काढले आणि सपाट जागेवर गाडी उभी करून चासी ते ॲक्सल अंतर मोजलं. उजवी बाजू डावीपेक्षा एक इंच बसलेली होती. टाकी उजवीकडे, ड्रायव्हर उजवीकडे, तीस वर्षं तोच पाटा जास्त दबलेला. म्हणजे मला जी गाडी ‘बुटकी’ वाटत होती ती मुळात थकलेली होती. पाटे उतरवून आळेफाट्याजवळ ट्रकचे पाटे करणाऱ्याकडे नेले. त्याने एक तुटका पाटा बदलला आणि बाकीच्यांना परत कमान दिली. नवे बुश, नवे यू-बोल्ट (जुने ताणलेले असतात, परत वापरू नका), पानांमध्ये ग्रीस. गाडी उजवीकडे दोन आणि डावीकडे एक इंच वर आली, आणि तीही कंपनीच्या मूळ मापात. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले, चांगला अर्धा वेढा फिरले. ते विसरू नका.

मूळ माप महत्त्वाचं, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठामपणे सांगितलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, तेव्हा गाडी आरटीओत तपासली जाते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील चारचाकीसाठी त्याची फी दहा हजार रुपये आहे, ग्रीन टॅक्स वेगळा. दिल्लीतल्या दहा वर्षांच्या डिझेल नियमाने घाबरू नका, तो आपल्याकडे लागू नाही.

लांब शॅकल असताना आण्णा एकदा पायरीजवळ उभे राहून म्हणाले होते, “आता शिडी आणायची का रे?” ते शॅकल अजून गोठ्यात खिळ्याला टांगलेत. मूळ उंचीची पायरीसुद्धा त्यांना जराशी जड जाते, म्हणून मी दाराच्या खांबाला एक मूठ बसवली. गेल्या आठवड्यात ते तिला धरून चढले आणि शेतापर्यंत स्वतः चालवत गेले, दुसऱ्या गिअरवर.