रोहण्याच्या काळ्या दगडाखालचं पाणी

आता आपण वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या रोहण्याकडे येऊ. हा सगळा मुलूख काळ्या मातीचा. तिच्याखाली मुरूम, आणि मुरुमाखाली काळा पाषाण. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, तोच हा दख्खनचा बेसॉल्ट. महाराष्ट्राच्या सुमारे 80 टक्के भागात हाच खडक आहे. वाळूत पाणी सगळीकडे मुरतं, इथं तसं नाही. ते राहतं झिजलेल्या मुरुमात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात. म्हणून एका वावरातल्या विहिरीला पाणी, आणि बांधापलीकडच्या बोअरमधून नुसती भुकटी.

ती जागा ओळखायची धडपड जुनीच. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्यायच लिहिला: कोणतं झाड, कुठं वारूळ, त्यावरून पाणी किती खोल. आपला पानाड्या आजही तळहातावर नारळ घेऊन फिरतो. त्याला हसू नका, जमिनीचा उतार आणि झाडोरा त्याला चांगला कळतो. पण तो चुकला तर का चुकला, हे तपासता येत नाही.

तपासता येईल अशी रीत आली ती खनिजांच्या शोधातून. 1912 मध्ये फ्रान्समध्ये कॉनराड श्लुम्बर्जे यांनी जमिनीत वीज सोडून पाहिली. 1915 मध्ये अमेरिकेत फ्रँक वेन्नर यांनी चार सळ्यांची मांडणी दिली. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळ्यांत दाब मोजायचा. सळ्या दूर नेल्या की वीज खोल जाते. उन्हाळ्यात माती इतकी सुकते, की सळीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं! आपल्याकडे 1972च्या दुष्काळाच्या आगेमागे राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, आणि हे यंत्र गावोगाव पोचलं.

खरी अडचण पुढे आहे. भक्कम बेसॉल्ट विजेला अडवतो, पाणी भरलेला भेगाळ थर तिला वाट देतो. पण चिकणमातीही वाट देते, आणि दोन लाव्हाथरांमधली लाल मातीही. आकडा कमी आला म्हणजे पाणीच, असं समजून खोदलेल्या विहिरी चिखलात संपल्या आहेत. म्हणून आलेख वाचणाऱ्याने आधी शेजारच्या विहिरीत डोकावलं पाहिजे, असं आमचं मत.

अलीकडे शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, चंद्रभागा नदीच्या खोऱ्यात, केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने हेलिकॉप्टरला विद्युतचुंबकीय कडं टांगून मोजणी केली. त्यातून बेसॉल्टखालच्या गोंडवाना वालुकाश्माचाही माग लागला.

तरी यंत्र सांगतं थर कुठं आहे ते. पाणी किती, ते नाही. त्यासाठी पंप लावायचा, पातळी किती उतरली आणि बंद केल्यावर किती वेळात चढली, ते घड्याळ लावून लिहायचं. आणि हे मे महिन्यात करायचं. ऑक्टोबरात केलं तर विहीर भरवशाची वाटते, आणि शेतकरी तिच्या जिवावर संत्रा लावून बसतो.