गोधडी शिवण्यापूर्वी...

घरातील जुन्या ट्रंकेत आजीची एखादी सुती नऊवारी अजून जपून ठेवलेली असते. ती नेसवत नाही आणि टाकवतही नाही. पूर्वी अशा लुगड्याची गोधडी होत असे. काही भागांत तिला वाकळ म्हणतात, तर तान्ह्या बाळासाठी शिवतात ते दुपटे. आता बहुतेक घरांत अशी लुगडी एक-दोनच उरली आहेत. कात्री एकदा चालली की लुगडे पूर्ववत होत नाही. म्हणूनच आधी तंत्र समजून घेणे अगत्याचे आहे.

कापडाची पारख

गोधडीची ऊब आणि मऊपणा वापरून विरलेल्या सुती कापडात असतो. कृत्रिम धाग्याचे कापड घाम शोषत नाही आणि शिवताना थरांमधून निसटते. शंका असल्यास कापडाचा एक धागा काढून जाळून पाहावा. सुती धाग्याची राख होते, कृत्रिम धाग्याची वितळून कडक गोळी बनते. रंग जातो का, हे ओले पांढरे फडके घासून तपासावे. नवे कापड वापरायचे असेल तर ते आधी धुऊन घ्यावे. अन्यथा पहिल्याच धुण्यात ते आटते आणि गोधडी आवळली जाते.

मांडणी

नऊ वारांचे लुगडे सुमारे सत्तावीस फूट लांब असते. त्यातून सात फुटांचे तीन तुकडे निघतात. दोन वर-खाली लावावेत, तिसरा आत घालावा. उरलेले कापड ठिगळांना पुरते. अधिक जाडी हवी असल्यास आत जुने धोतर किंवा सुती चादर घालावी. सगळे थर जमिनीवर ताणून पसरावेत, कडांवर वजने ठेवावीत आणि मध्यापासून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात. त्याच दिशेने वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. ही पायरी टाळल्यास आतील थर गोळा होतात.

धावदोरा

गोधडीचा मुख्य टाका एकच, तो म्हणजे धावदोरा. जाड सुती दोऱ्याला मेण लावावे, म्हणजे तो गुंतत नाही. बोटाला अंगुस्तान असावे. गाठ थरांच्या आत दडवावी. टाके लहान व सारखे असावेत आणि दोन ओळींत बोटभरापेक्षा अधिक अंतर नसावे. ओळी विरळ झाल्या तर आतील विरलेले कापड धुण्यात फाटते. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी याच टाक्यावर उभ्या आहेत.

नक्षीचे प्रकार

समांतर ओळी नवशिक्यांना सोप्या जातात. कडेपासून आत सरकत जाणाऱ्या चौकटींमुळे गोधडीला घाट येतो. तिरप्या ओळी एकमेकींना छेदल्या की शंकरपाळ्याची नक्षी उमटते. ठिगळांत चौकोन सर्वांत सोपा. दोन रंगांचे त्रिकोण जोडून केलेला चौकोन त्यापुढचा. लुगड्याचे काठ चारही बाजूंनी लावल्यास किनार मजबूत होते.

शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी हा निराळा प्रकार आहे. तेथे ठिगळे आधी जोडून घेत नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, कडा दुमडत, ठिगळावर ठिगळ ठेवून कडेने फिरत मध्यापर्यंत शिवत जातात. कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना फूल म्हणतात. लहानसहान तुकडेच शिल्लक असतील तर ही पद्धत सोयीची.

पहिला प्रयत्न दुपट्यावर करावा. साधारण तीन फुटांच्या चौकोनात हात बसतो आणि चूक झाली तरी जुनी चादरच वाया जाते. घरात किंवा शेजारी गोधडी शिवलेली एखादी आजी असेल तर पहिल्या चार ओळी तिच्याशेजारी बसून घालाव्यात. दोरा किती ओढावा, हे वाचून कळत नाही. तिच्या हाताकडे पाहून कळते. आजीच्या लुगड्याला कात्री लावावी ती त्यानंतरच.